मुगवड्या वाळेपर्यंत

ताईच्या अंगणात, अमरावतीला, एक छोटी बस उभी होती आणि बसच्या आत घर होतं. मुळात ती शाळेची बस. मुलांनी सीटा फाडून झाल्यावर ती विकायला निघाली, तेव्हा भाऊजींनी घेतली. आता आत दोन बर्थ होते, ओटा होता, गॅसची शेगडी, नळ, लहान फ्रीज, पंखा, आणि मागच्या कोपऱ्यात दार लागणारा संडास. या शेवटच्या वस्तूसाठी आधीच्या साऱ्या वस्तू केलेल्या होत्या.

भाऊजी एसटीत ड्रायव्हर होते. सारी नोकरी त्यांनी लोकांना पोचवण्यात आणि स्वतःला पुढच्या डेपोपर्यंत रोखून धरण्यात काढली. निवृत्त झाल्यावर शरीरानं रोखून धरणं बंद केलं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फरक पडला तो एवढाच, की आधी अचानक उठावं लागत असे आणि आता थोडी सूचना मिळू लागली. गावातल्या गावात लग्नाला जायचं तरी ते आधी कार्यालयात फोन करून ‘तिथली व्यवस्था कोणत्या अंगाले हाये’ हे विचारून घेत. गावाबाहेरचा प्रवास त्यांनी सोडूनच दिला.

ताईची मुलगी कोल्हापूरला दिलेली आहे. मुलीचं सासरचं घर ताईनं फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. नातवाच्या बारशाला पाळण्याची दोरी कोल्हापुरात ओढली गेली आणि ताईनं अमरावतीत टाळ्या वाजवल्या. ती एकटी जाऊ शकली असती. ती शाळेत शिक्षिका होती, आणि पोरांच्या सहली घेऊन एकटीनं हिंडलेली होती. पण भाऊजींना मागे ठेवायला ती तयार नव्हती. "जेवणाचं यायले काही होत नाई," ती म्हणे, "पण मी गेल्याचं दुःख सांगत गल्लीभर फिरतीन, न् परत आल्यावर मलेच लोकं बोलतीन."

आता नातवाचं जावळ ठरलं होतं. त्या जावळाला दोघांनी कोल्हापुरात हजर असणं, यासाठी ही गाडी होती.

गाडीच्या आतलं घर अकोल्यात तयार झालं. ट्रक आणि बसच्या बॉड्या बांधणारं एक जुनं मुस्लिम कुटुंब आहे, त्यातल्या थोरल्या मिस्त्रींनी हे काम घेतलं. त्यांनी याआधी घर असलेली गाडी बांधली नव्हती, पण हे त्यांनी काम पुरं झाल्यावर सांगितलं. छतावर सौर पॅनल, खाली बॅटरी, आणि बॅटरीवर आतली सारी वीज चालणार अशी रचना होती. आरटीओच्या कागदावर बसची ओळखही रीतसर बदलून घेतली होती. उरला होता विमा.

विमा कंपनीतल्या माणसानं सांगितलं की जुनी बस ही जुनीच बस. तिच्या वयाप्रमाणे तिची जी किंमत येते ती भंगारवाला देईल त्याच्या आसपासची. आतलं घर धरायचं असेल तर सर्व्हेअर येईल, एकेक वस्तू पाहील, आणि तो लावील तेवढीच किंमत धरली जाईल. भाऊजींना हे पटलं, आणि त्यांनी त्याची अट करून टाकली.

"नोकरीत म्या जळलेल्या गाड्या पाह्यल्या," ते म्हणाले. "पत्र्याचे पैसे भेटतात. आतल्याचं कोणी विचारत नाई. घराचा विमा निघाला तर गाडी गेटच्या भायेर. नाईतर आपलं कोल्हापूर अंगणातच."

सर्व्हेअर अकोल्याचे. मीही अकोल्यालाच असतो, तिथल्या एका दैनिकात डेस्कवर, त्यामुळे त्यांना गाठण्याचं काम माझ्याकडे आलं. पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. ते म्हणाले की उद्या सकाळी येतो, उद्या नाही तर मग जावळ होऊन गेल्यावरच, कारण मधले दिवस दुसऱ्या कामांना दिलेले आहेत. मिस्त्रीही येणार होते. मी दोघांना माझ्या गाडीतून नेतो म्हणालो.

"पार्टीच्या पाहुण्याच्या गाडीत मी बसत नाई," सर्व्हेअर म्हणाले. "मी एसटीनं येईन."

मूर्तिजापूरच्या अलीकडे आम्ही त्यांची बस गाठली. मिस्त्रींनी काच खाली करून त्यांना हात केला. त्यांनी पाहिलं आणि मान सरळ केली.

आदल्या दिवशी मी फोन करून ताईला ‘उद्या’ म्हणून कळवलं तोपर्यंत एक गोष्ट होऊन गेली होती. ताईनं मुगाची डाळ भिजत घातली होती.

ताईच्या गल्लीत उन्हाळ्यात वाळवणाची पाळी चालते. ज्या घरची पाळी असेल तिथे सकाळी गल्लीतल्या साऱ्या बायका जमतात आणि वड्या, कुरडया, पापड जे असेल ते हातोहात उरकतात; दुसऱ्या दिवशी दुसरं घर. पाळी बदलता येते, पण डाळ भिजायच्या आधी. भिजल्यावर बदलत नाही. ताईनं तरी शेजारच्या काकूंना विचारून पाहिलं. या काकू गल्लीतल्या वाळवणाच्या प्रमुख. तसं त्यांना कोणी नेमलेलं नाही.

"तो सर्व्हेअर गाडी पाह्यले येऊन राह्यला ना?" काकू म्हणाल्या. "पाहो. आमी कुठं गाडी नेऊन राह्यलो?"

त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा अंगणात दोन कामं एकाच वेळी चाललेली होती. एका बाजूला बस, धुऊन पुसून उभी. दुसऱ्या बाजूला बायका, मधे वाटलेल्या डाळीची पातेली आणि त्यात किसलेलं कोहळं. खाटांवर जुनी लुगडी ताणून त्यांवर चिमटी-चिमटीनं वड्या घातल्या जात होत्या. गच्चीवर त्या घालता येत नव्हत्या, कारण मागच्या उन्हाळ्यात वानरांनी तिथली सारी वाळवणं खाऊन उरलेली शेजारच्या गच्चीवर नेली होती.

नंतर विचारपूस करून जे कळलं ते इथेच सांगणं सोयीचं आहे. खाटा भरल्या आणि वाटण उरलं. काकूंनी गाडीच्या मागची शिडी पाहिली आणि एक जुनं धोतर घेऊन त्या वर चढल्या. छतावर काळी काच होती, स्वच्छ पुसलेली, आणि तापायला लागलेली. काकूंच्या मते इतकी चांगली काच उन्हात रिकामी ठेवण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी तिच्यावर धोतर दुहेरी अंथरलं, चारी टोकांना दगड ठेवले, आणि ओळीनं वड्या घातल्या. मग खाली येऊन हात धुतले. हे ताईनं पाहिलं नाही, कारण ती आत फाइल लावत होती. भाऊजींनी पाहिलं नाही, कारण ते त्यांच्या नेहमीच्या ठिकाणी गेले होते. वड्या छताच्या मधोमध होत्या, खालून कोणाला दिसत नव्हत्या.

दुसरी बाब अशी की आदल्या दिवशी भाऊजींनी सर्व वस्तू तपासून पाहण्यासाठी फ्रीज, पंखा आणि सारे दिवे एकत्र लावले होते आणि ते नीट चालले म्हणून तसेच चालू ठेवले होते. बॅटरी तळाला गेली होती. ती सकाळच्या उन्हात भरणार होती.

सर्व्हेअर ऑटोतून उतरले. ताईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हात जोडले आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढून दाखवली.

"काम होईपर्यंत पार्टीच्या घरचं पाणी नाई, मॅडम. राग मानू नका. माझा नियम हाये."

"पाण्याचाबी नियम?" काकू पातेल्यावरून म्हणाल्या. "न् मंग जेवणाचं?"

"डबा आणला हाये."

बायका पिशवीतल्या डब्याकडे पाहू लागल्या. डबा घेऊन आलेला पाहुणा त्यांनी पाहिला नसावा.

सर्व्हेअरनी काम सुरू केलं. गाडीखाली वाकून चेसिस नंबरवर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासून आकड्यांचा ठसा घेतला. चारी बाजूंनी फोटो काढले. किलोमीटरचा आकडा टिपला. मग आत जाऊन बर्थवर बसले आणि आपली पद्धत सांगितली, आम्हा सर्वांना उद्देशून, एकदाच.

"जे चालताना दिसलं ते लिहितो. जे चालताना नाई दिसलं, ते गाडीत नाई, असं समजतो. बिल दाखवू नका, शपथ घेऊ नका. चालवून दाखवा." मग त्यांनी पेन उघडलं. "आता सांगा. आतल्या कामाले खर्च किती आला?"

हा प्रश्न भाऊजींना नवा नव्हता. गाडी अंगणात आल्यापासून प्रत्येक येणारा-जाणारा ‘कितीले पडली?’ विचारत होता. वऱ्हाडात हे विचारणं उद्धटपणा नाही, न विचारणं तुटकपणा आहे. भाऊजींनी शेजाऱ्यांना एक आकडा सांगितला होता, नातेवाइकांना त्याहून कमी, आणि ताईला सर्वांत कमी. आता शेजारणी दारापाशी होत्या, ताई बर्थची उशी सरळ करत होती आणि मी नातेवाईक होतो. अंगणातले वड्या घालणारे हात हळू झाले.

"साहेब, उलसे इकडं या," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी संडासाचं दार उघडलं. गाडीत लागणारं दार ते एकच होतं.

दोघे आत गेले. दार मोठ्या मुश्किलीनं लागलं. संडास एका माणसाच्या मापाचा आहे.

मिस्त्रींना राहवलं नाही. त्यांनी दारावर टकटक केली. "भाऊ, बरोबर रकम सांगा हं. कम मत बताना. माझं काम हलक्या भावाचं नाई."

आतून सर्व्हेअरचा आवाज आला, "कोपर काढा पहिले. माझा चष्मा तुमच्या खिशात अडकला."

ते बाहेर आले तेव्हा दोघेही घामानं भिजलेले होते. ताईनं उशी खाली ठेवली.

"मलेबी सांगता का, साहेब?"

"ते गोपनीय असते, मॅडम."

"असू द्या. बँकेतून मीच तर काढून देले. मोजता येते मले." तिनं भाऊजींकडे पाहिलं. "यायनं सांगतलेला आकडा ऐकून मी म्हणलं, जाऊ दे, माणूस खूश हाये."

भाऊजी पुन्हा संडासात गेले, या वेळी एकटेच, आणि दोन क्षणांत बाहेर येऊन घराकडे निघाले. गाडीतला संडास अजून कोणी वापरलेला नव्हता.

वस्तूंची तपासणी सुरू झाली. गॅसची शेगडी पेटली. सर्व्हेअरनी लिहिलं. बर्थ उघडले, मिटले. लिहिलं. मग मिस्त्री पुढे झाले. विजेचा भाग त्यांचा अभिमानाचा होता. त्यांनी सर्व बटणांवर एकत्र हात फिरवला, पेटीवर फिरवावा तसा.

दिवे पिवळे झाले, आणखी पिवळे झाले आणि गेले. पंखा हलला नाही. फ्रीज गप्प होता. नळातून पाण्याचा एक थेंब आला, कारण पाण्याचा पंपही विजेवरच होता.

"बंद," सर्व्हेअर म्हणाले आणि पेन टेकवलं.

"लिखो मत, साहब. रुका जरा." मिस्त्रींनी खिशातून टेस्टर काढला. "वायरिंग म्या स्वतः ओढली. या वायरिंगमध्ये फॉल्ट निघाला तर मी अकोल्यात तोंड दाखवणार नाई."

त्यांनी छताची एक फळी काढली. मग दुसरी. फळ्या बर्थवर ठेवत गेले, त्यामुळे सर्व्हेअरना ओट्याला टेकून उभं राहावं लागलं. वायरिंग ठीक होती. मिस्त्रींनी मग दोष अमरावतीच्या उन्हाला दिला. अकोल्यात गाडी चालत होती, इथे बंद पडली, म्हणजे हवेचा फरक.

"अकोल्याचं ऊन कमी हाये का?" ताईनं विचारलं.

"अकोल्याचं ऊन सूखा आहे, भाभी. इथलं वेगळं. इथलं आत घुसते."

सर्व्हेअर अकोल्याचे असूनही त्यांनी या मताला पाठिंबा दिला नाही. मिस्त्रींनी मग दोष बॅटरीच्या दुकानदाराला दिला, आणि त्यानंतर, आवाज खाली आणून, मला सांगितलं की काही लोकांची नजरच अशी असते की त्यांच्यासमोर मशीन चालत नाही.

भाऊजी घरातून परत आले होते. त्यांनी दिवे पाहिले, फळ्या पाहिल्या, आणि दारातच पायरीवर बसले.

"झालं," ते म्हणाले. "लाइट नाई, पंखा नाई, पाणी नाई, न् पाणी नाई म्हणजे संडासबी नाई. राह्यलं काय? शेगडी. शेगडीचा विमा काढून मी घाट चढू का? पोरीले फोन लाव. म्हणा, जावळ फोनवर दाखव."

ताईनं फोन काढला नाही. ती सर्व्हेअरकडे वळली. "साहेब, दुसऱ्या दिवशी येता येईन का?"

"सांगतलं ना मॅडम. मंग जावळ झाल्यावरच." त्यांनी कागद उलटला. "पॅनल राह्यलं. तेवढं पाहून घेतो, न् निघतो."

ते मागच्या शिडीनं चढले. त्यांचं अर्धं शरीर छताच्या वर गेलं आणि तिथेच थांबलं. बराच वेळ ते हलले नाहीत. खालून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"मॅडम," वरून आवाज आला. "इथं विमा नेमका कशाचा काढायचा हाये?"

ताई चढली. मिस्त्री शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढले. भाऊजी बोनेटवर पाय ठेवून वर वाकले. मीही पाहिलं. धोतरभर वड्या, ओळी सरळ, अंतर सारखं. हे काम सुंदर होतं, याबद्दल तिथे कोणाचं दुमत झालं नसतं.

"या अल्ला," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी दिवसभरात पाहिला नव्हता. "फॉल्ट वड्यांत हाये! वायरिंग पास!"

"काकू," ताई वरूनच म्हणाली, "ही काच कायले झाकली?"

काकू खाली उभ्या होत्या, कमरेवर हात. "तूच तं पुसून ठेवली होती. मले वाटलं वड्यांसाठीच पुसली."

"लाइट यावरच चालते, काकू. ऊन खाल्ल्याबिगर ते चालत नाई."

"मंग वड्याबी ऊन खाल्ल्याबिगर वाळत नाई."

"उचला म्हणतो मी," भाऊजी म्हणाले.

"उचला ना. तुमीच उचला." काकू शिडीपाशी आल्या. "आता ओल्या हायेत. कापड उचललं की साऱ्या एका जागी गोळा होतीन, न् मंग तुमी त्याचा झुणका करून कोल्हापूरले न्या. वरची साल धरू द्या. भर उन्हात धरीन. मंग सहा जणी मिळून अलगद कापड उचलतो आमी, एक वडी हालणार नाई. तुमचं पॅनल उद्याबी राहीन, भाऊ. वड्या आजच्या आज."

सर्व्हेअर शिडीवरून उतरले आणि त्यांनी धूळ झटकली. "मी आत्ता लिहिलं तं काय लिहिणार? पॅनल दिसत नाई. वीज चालत नाई."

"साल धरेपर्यंत थांबा," ताई म्हणाली. ती विनंती नव्हती. शाळेतली बाई मधल्या सुट्टीची वेळ सांगते, तसं ते होतं. "तुमचा नियम पाण्याचा हाये. थांबण्याचा नियम तर नाई ना?"

सर्व्हेअरनी आठवून पाहिलं. तसा नियम नव्हता.

अमरावतीची वैशाखातली दुपार उभ्यानं काढता येत नाही. घरात साऱ्या बायका आणि पातेली होती. मिस्त्रींनी फळ्या परत बसवल्या आणि सर्व्हेअर आपला डबा घेऊन गाडीतच बसले. ताईनं खिडक्यांना बाहेरून ओली चादर लावली; ती चादर पार्टीची होती, पण सर्व्हेअरनी तिच्यावर आक्षेप घेतला नाही. त्यांच्या डब्यात पोळ्या आणि गवारीच्या शेंगांची भाजी होती, हे काकूंनी खिडकीतून पाहून बाकीच्यांना कळवलं. "बायको चांगली हाये," असा निष्कर्ष निघाला. "तेल कमी वापरते."

जेवण झाल्यावर भाऊजी त्यांच्यासमोर बसले. त्यांना एक विचारायचं होतं.

"साहेब, आज तुमी किंमत लावली. पुढच्या वर्षी तेवढीच राहीन का?"

"नाई. घसारा लागते. वस्तू वापरली की झिजते, झिजली की किंमत उतरते. दरवर्षी थोडी उतरते."

"नाई वापरली तं?"

सर्व्हेअरना झोप येत होती. "नवी ते नवीच," ते म्हणाले आणि बर्थवर आडवे झाले.

भाऊजी काही वेळ संडासाच्या दाराकडे पाहत बसले. मग उतरून घरात गेले. त्या वेळी याचा अर्थ कोणाच्या ध्यानात आला नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा काकू वर चढल्या, एका वडीला बोट लावलं आणि खाली हाक दिली. दोघी वर, दोघी शिडीवर, दोघी खाली. धोतराच्या कडा ताणून धरल्या गेल्या आणि मुगवड्यांचं ते सारं क्षेत्र हवेतून, एकही ओळ न मोडता, खाली खाटेवर आलं. मिस्त्रींनी श्वास रोखून धरला होता. "ऐसा काच बसवायला माझ्याकडे माणूस नाई," ते म्हणाले.

काच उघडी पडली आणि तिनं काम सुरू केलं. सकाळी मिस्त्रींनी सर्व बटणं दाबली होती आणि ती कोणी बंद केलेली नव्हती. थोड्या वेळानं आत एक बारीक शीळ वाजली आणि मग सारं एकदम आलं: दिवे, फ्रीजची घरघर, पंखा पूर्ण वेगात सर्व्हेअरच्या तोंडावर, आणि उघड्या राहिलेल्या नळातून पाणी ओट्यावर ठेवलेल्या त्यांच्या रिकाम्या डब्यात. ते उठून बसले. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, डबा बाजूला घेतला, आणि पेन उघडलं.

संडासाची तपासणी त्यांनी सर्वांत शेवटी केली. फ्लशचं बटण तीनदा दाबलं. तिन्ही वेळा पाणी आलं. बाहेर पायरीवर बसलेल्या भाऊजींनी प्रत्येक वेळी डोळे मिटले.

"चालते," सर्व्हेअर म्हणाले आणि लिहिलं.

निघताना ताईनं चहा विचारला. काम झालेलं होतं, पण अहवाल जायचा होता, म्हणून त्यांनी नाही म्हटलं. तिनं वाळल्यावर मुगवड्या पाठवते म्हटलं. "विमा झाल्यावर पाहू," ते म्हणाले. ते एसटीनं गेले. मिस्त्री माझ्या गाडीतून आले आणि अकोल्यापर्यंत त्यांनी मला वायरिंगबद्दल सांगितलं.

विमा झाला. आतलं घर पूर्ण धरलं गेलं, आणि भाऊजींनी लावलेल्या अटीत आता काही उणं उरलं नाही. जावळाच्या आधी त्यांनी गाडी गेटबाहेर काढली. पहिला मुक्काम अकोल्याला, माझ्याकडे, असं ठरलं होतं.

गाडी दारात थांबली तेव्हा मी बाहेर गेलो. इंजिन चालू असतानाच भाऊजी उतरले, मला ओलांडून घरात शिरले आणि बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला. ताई सावकाश उतरली. तिच्या हातात मुगवड्यांची पिशवी होती.

"बडनेऱ्याले यायच्या जुन्या कंडक्टरच्या घरी," ती म्हणाली. "मूर्तिजापूरले डेपोत. बोरगावले एका अनोळखी माणसाच्या शेतावर. त्या माणसानं आमाले चहाबी पाजला."

"गाडीतला बिघडला का?"

"नवा हाये."

भाऊजी बाहेर आले, रुमालानं हात पुसत. "साहेबानं सांगतलं ना, वापरली की घसारा," ते म्हणाले. "इतक्या मेहनतीनं किंमत लागली. तिले मीच कमी करू का?"

"आता कोल्हापूर किती लांब हाये माहीत हाये ना तुमाले?" ताईनं विचारलं. "प्रत्येक गावात तुमचा कंडक्टर राहते का?"

"राहते. नाईतर ड्रायव्हर राहते."

"न् असं थांबत थांबत जावळाले पोचणं होईन का?"

मग ताईनं माझ्याकडून सर्व्हेअरचा नंबर घेतला आणि त्यांना फोन करून सांगितलं की विमा झालेला आहे, मुगवड्या आणल्या आहेत, येऊन घेऊन जा. ते स्कूटरवर आले. पिशवी हातात घेऊन त्यांनी वास घेतला आणि पहिल्यांदाच हसले. ताईनं त्यांना सारं सांगितलं, भाऊजींच्या देखत, बडनेऱ्यापासून.

सर्व्हेअरनी पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवली.

"भाऊ, माझी पद्धत काय?"

"चालताना दिसलं ते लिहिता."

"पुढच्या वर्षी विमा पुन्हा करायचा हाये. मी पुन्हा येईन. संडास वर्षभर बंद ठेवला तर पंप अडकते, रबर सुकते. मी बटण दाबीन, पाणी येणार नाई. मंग मी काय लिहीन?"

"बंद."

"न् बंद वस्तू?"

भाऊजींनी गाडीकडे पाहिलं. "गाडीत नाई," ते म्हणाले.

"घसारा थोडा लागते. बंद पडली तर सारीच जाते. आता तुमी पाहा."

भाऊजी गाडीत चढले. आपण कशाची वाट पाहतो आहोत हे दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून ताईनं सर्व्हेअरना मुगवड्यांची भाजी कशी करायची ते सांगायला सुरुवात केली. आधी तेलात परतायच्या, मग कांदा, मग वांगं घातलं तरी चालतं. सर्व्हेअर ऐकत होते, पण कान गाडीकडे होता. आत पंप सुरू झाल्याचा आवाज आला, पाणी आलं, पंप बंद झाला.

भाऊजी दारात आले. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि आरसा ठीक केला.

"चालते," सर्व्हेअर म्हणाले.

ताईनं आपली चप्पल झटकली आणि गाडीत चढली. कोल्हापूरहून तिचा फोन आला तेव्हा मागे पोराच्या रडण्याचा मोठा आवाज होता, आणि त्यावरून न्हाव्यानं काम सुरू केल्याचं कळत होतं.